विमानप्रवास सुखाचा कसा होईल?

प्रवासाचीं साधनें बदललीं म्हणजे प्रवाशाचीं दुःखेंहि बदलतात. आमचे आजोबा बैलगाडीनें बाजारास जात तेव्हां अंग आंबून जाई व धुळीनें घसा बसे. आगगाडी आली तेव्हां धूळ कमी झाली. पण इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यांत जाऊन अर्धा प्रवास डोळा चोळण्यांत जाऊं लागला. विमानांत धूळ नाहीं, कोळसा नाहीं, दगडधोंड्यांचे हिसके नाहींत. तथापि तेथें कान दुखतात, पाय सुजतात, ओंठांना चिरा पडतात, आणि मनगटावरचें घड्याळ एका देशाची वेळ दाखवीत असतां पोट दुसऱ्याच देशाची वेळ सांगूं लागतें. हीं दुःखें फार मोठीं नव्हेत. परंतु त्यांचें कारण ज्याला ठाऊक नाहीं त्याला तीं भीतिदायक वाटतात, आणि ज्याला कारण ठाऊक आहे त्याला त्यांपैकीं बहुतेक टाळतां येतात. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

विमानाची प्रगति किती झपाट्यानें झाली हें आधीं थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंत राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं जें पहिलें उड्डाण केलें तें अवघें १२ सेकंदांचें व १२० फुटांचें होतें. आपल्या देशांत १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादेहून नैनीस, म्हणजे सुमारें सहा मैल, विमानानें टपाल नेलें. आणि विद्यार्थ्यांस ऐकून आनंद वाटेल कीं, त्या टपालावरील जादा आकाराचें उत्पन्न एका विद्यार्थी-वसतिगृहाच्या मदतीसाठीं होतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. पुढें ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें विमान उतारू घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हा ह्या मार्गानें लंडनला निघालें. आज तोच पल्ला विमान वाटेंत कोठेंहि न उतरतां सुमारें दहा तासांत गांठतें. यंत्र इतकें पुढें गेलें. पण त्यांत बसणाऱ्या मनुष्याचे कान, पाय व पोट राइट बंधूंच्या काळीं होते तसेच आज आहेत, हें विसरतां कामा नये.

ह्या विषयाचा मला विचार करावा लागला तो माझ्या आईमुळें. माझी धाकटी बहीण इंग्लंडांत परिचारिकेचें काम करते. तिचें दुसरें बाळंतपण २०२३ च्या मे महिन्यांत होतें, व आईनें आपल्यापाशीं असावें अशी तिची फार इच्छा होती. आई तेव्हां ७४ वर्षांची होती. नगर जिल्ह्यांतील खेड्यांत तिनें सारा जन्म शिक्षिकेचें काम केलेलें. गुडघे दुखणारे, मधुमेह जुना, रोज इन्शुलिन टोंचून घ्यावें लागे. आणि विमान पाहिलेलें तें अंगणांतून मान वर करून. "लेकीकडे चालत जायला सांग, निघतें, पण त्यांत मला बसवूं नकोस," असें ती म्हणे. लेकीची ओढ एकीकडे व ही भीति दुसरीकडे, अशा ओढाताणींत तिनें कित्येक रात्री झोंपेविना काढल्या. अखेर ती कबूल झाली, मात्र एका अटीवर: मीं बरोबर यावें, व वाटेंत जें जें होईल त्याचें कारण तिला आधीं सांगावें. शिक्षिकाच ती! त्या निमित्तानें मीं डॉक्टरांस विचारून, पुस्तकें वाचून व जाऊन आलेल्यांस गांठून जी माहिती जमविली, तिचा उपयोग विद्यार्थ्यांस व पालकांस व्हावा म्हणून ती येथें देत आहें.

पहिली गोष्ट अशी कीं, प्रवासाचें निम्में सुख घरीं बसूनच मिळवावयाचें असतें. तिकीट काढतांनाच तीन गोष्टी कळवाव्या. वृद्ध किंवा गुडघ्यांचा विकार असलेल्या मनुष्यासाठीं चाकांची खुर्ची मागावी. मधुमेही किंवा पथ्याच्या मनुष्यासाठीं तसें जेवण मागावें. आणि बसण्याची जागा आधीं निवडावी. ह्या मागण्या शेवटच्या दिवसावर टाकूं नयेत. निदान दोनतीन दिवस आधीं त्या पक्क्या कराव्या. खुर्चीचें नांव काढतांच आई रागावली. "मी काय पांगळी आहें?" असें तिनें विचारलें. मुंबईच्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंतची वाट किती लांब आहे, मध्यें तपासणीच्या रांगांत किती वेळ उभें राहावें लागतें, व ती शक्ति लेकीच्या घरीं उपयोगी पडेल कीं नाहीं, हें सांगितल्यावर ती खुर्चींत बसण्यास राजी झाली. परदेशच्या प्रवासास तीन तास आधीं विमानतळावर पोंचावें. घाईनें सुरू झालेला प्रवास शेवटपर्यंत घाईचाच राहतो.

जागेविषयीं इतकेंच सांगतों कीं, विमानाच्या पंखांजवळील जागा सर्वांत स्थिर असते व शेपटाकडील जागेस हिसके अधिक जाणवतात. तराजूच्या दांडीचा मध्य कमी हलतो व टोंकें अधिक हलतात तसेंच हें आहे. ज्याला झोंप घ्यावयाची आहे त्यानें खिडकीची जागा घ्यावी. ज्याला वारंवार उठावें लागतें त्यानें वाटेच्या कडेची घ्यावी. आईस मीं वाटेकडे बसविलें व मधल्या जागेवर मी बसलों.

सामानाचे नियम देशोदेशीं निराळे असतात व बदलतहि असतात. म्हणून ते निघण्यापूर्वीं वाचून घ्यावे. हातांतील पिशवींत पातळ पदार्थ थोडेच नेतां येतात. अनेक ठिकाणीं एका बाटलींत १०० मिलिलिटरहून अधिक चालत नाहीं, आणि लोणच्याची बरणी ह्याच नियमांत अडकते. दुधाचे पदार्थ भारतांतून इंग्लंडांत नेण्यास मनाई आहे. तेव्हां पेढ्यांचा मोह तेवढा आवरावा. मोबाईलची पॉवर बँक तळघरांत टाकावयाच्या सामानांत कधींहि ठेवूं नये. ती हातांतील पिशवींतच असावी. औषधांचीहि तीच गोष्ट. औषधें त्यांच्या मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आपल्या पायाशीं असलेल्या पिशवींत ठेवावीं. इन्शुलिन तर सामानाच्या तळघरांत मुळींच टाकूं नये, कारण तेथील थंडीनें तें गोठून निकामी होण्याचा संभव असतो. शिवाय पश्चिमेकडे जातांना दिवस लांबतो व पूर्वेकडे जातांना आंखडतो. म्हणून इन्शुलिन केव्हां व किती घ्यावयाचें तें डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावें. आमच्या डॉक्टरांनीं आईचें वेळापत्रक एका कागदावर करून दिलें होतें, व तो कागद तिनें पासपोर्टापेक्षांहि अधिक जपला.

आतां विमानांत शरीरास जें होतें त्याचें मूळ कारण पाहूं. विमान जमिनीपासून ३३ ते ४२ हजार फुटांवरून जातें. तेथें बाहेरील हवा इतकी विरळ असते कीं मनुष्य शुद्धीवर राहूं शकत नाहीं, आणि थंडी शून्याखालीं सुमारें ५५ अंश असते. म्हणून आंतील कोठडींत दाब देऊन हवा भरतात. पण ती जमिनीवरील दाबाइतकी भरीत नाहींत. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर जशी हवा असते तितकीच ती दाट ठेवतात. महाबळेश्वर सुमारें साडेचार हजार फूट उंच आहे, आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट, आणि शिमला सुमारें सात हजार फूट. म्हणजे विमानांत बसलेला मनुष्य शरीरानें जणूं शिमल्यास जाऊन बसतो, आणि तोहि अर्ध्या तासाच्या आंत! ही एक गोष्ट ध्यानांत आली कीं पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो. ज्यांना हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा विकार आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून विमानांत कां बसूं नये, हेंहि ह्यावरून समजेल.

विज्ञानाच्या वर्गांत तुम्ही बॉइलचा नियम शिकतां. रॉबर्ट बॉइल ह्यानें तो १६६२ सालीं प्रसिद्ध केला: उष्णमान तेंच असतां दाब कमी झाला तर वायूचें आकारमान वाढतें. आठ हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारें तीनचतुर्थांश असतो. म्हणून कोंडलेली हवा सुमारें एकतृतीयांशानें फुगते. बटाट्याच्या वेफर्सची बंद पिशवी वर गेल्यावर उशीसारखी टम्म होते ती ह्यामुळेंच. वर असतांना घट्ट बूच लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली खालीं उतरल्यावर आपोआप चेपते. जी गत पिशवीची तीच पोटाची. आंतड्यांतील वायु फुगतो, पोट तडस लागल्यासारखें होतें, व वृद्धांस तें हृदयाचें दुखणें आहे कीं काय अशी भीति वाटते. उपाय सोपा आहे. निघण्याच्या दिवशीं हरभरा, वाटाणा, कोबी असे वातूळ पदार्थ व सोड्याचीं पेयें वर्ज्य करावीं. जेवण बेताचें घ्यावें. कमरेस घट्ट कांहीं बांधूं नये. विमानांतील जेवण अळणी लागतें त्याचा दोष सर्वस्वीं आचाऱ्याचा नव्हे. कोरड्या हवेंत व सततच्या आवाजांत खारट व गोड ह्या चवी जिभेस मंद लागतात.

कानांचें दुखणें मात्र सर्वांत तीव्र, म्हणून त्याविषयीं अधिक लिहितों. कानाच्या पडद्याआड एक लहानशी हवेची पोकळी आहे, व तिच्यापासून नाकाच्या मागील बाजूस जाणारी एक बारीक नळी आहे. युस्टाकी ह्या सोळाव्या शतकांतील इटालियन शारीरशास्त्रज्ञाचें नांव तिला दिलेलें आहे. विमान वर चढतें तेव्हां आंतील हवा फुगून त्या नळीनें आपोआप बाहेर पडते, व फारसा त्रास होत नाहीं. उतरतांना मात्र उलट होतें. बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आंत ओढला जातो, आणि नळीचें तोंड झडपेसारखें मिटून राहतें. तें उघडण्यासाठीं गिळावें लागतें, जांभई द्यावी लागते, किंवा कांहीं चघळावें लागतें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर नाक चिमटींत धरावें, तोंड मिटावें व अगदीं हळूच नाकांतून श्वास सोडण्याचा यत्न करावा. 'टक्' असा आवाज होऊन कान मोकळा होतो. जोरानें मात्र फुंकूं नये. सर्दी असतां ती नळी सुजलेली असते. म्हणून फार सर्दी झाली असेल तर प्रवास पुढें ढकलावा, किंवा निदान डॉक्टरांस दाखवावें. आणि उतरण्यास सुमारें अर्धा तास उरला म्हणजे झोंपलेल्यास जागें करावें, कारण झोंपेंत मनुष्य फार क्वचित् गिळतो.

ह्या बाबतींत घडलेली एक गोष्ट सांगतों. विमान लंडनकडे उतरूं लागलें तेव्हां पुढील रांगेंतील एक तान्हें मूल एकाएकीं किंचाळूं लागलें. त्याची आई तरुण होती, एकटीच होती, व आजूबाजूच्या मंडळींच्या कपाळावरील आठ्या पाहून तिचे डोळे भरून आले होते. माझी आई बडीशेप चघळीत होती. तिनें मला विचारलें, "ह्याचेहि कान दुखत असतील ना रे?" मीं होय म्हणतांच ती पुढें वांकून त्या मुलीस म्हणाली, "बाळ, त्याला पाजायला घे. गिळलं म्हणजे कान सुटेल." मुलीनें पदराआड त्याला घेतलें, व दोनतीन मिनिटांत तें शांत झालें. ज्या बाईस विमानांत बसण्याची भीति वाटत होती, तीच दहा तासांनीं दुसरीस धीर देत होती. ज्ञानानें भीति जाते हें आपण वर्गांत नेहमीं सांगतों; मला तें त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

विमानांतील हवा वाळवंटासारखी कोरडी असते. तिच्यांतील दमटपणा बहुधा दहा ते वीस टक्के असतो. त्यामुळें नाक, घसा व डोळे कोरडे पडतात. दर तासास थोडें पाणी प्यावें. एकदम तांब्याभर नव्हे. चहाकॉफी बेतानें घ्यावी, व मद्य मुळींच घेऊं नये. डोळ्यांत कांचा घालणाऱ्यांनीं त्या दिवशीं चष्मा वापरावा. कपडे सैल व सुती असावे. वर एक शाल किंवा स्वेटर असावा, कारण रात्रीं आंत गारठा वाटतो.

पायांची काळजी ही केवळ सुखाची गोष्ट नसून आरोग्याची आहे. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यानें पोटऱ्यांतील रक्त सांकळतें. बहुधा त्यानें घोटे सुजतात इतकेंच. पण क्वचित् खोल शिरेंत रक्ताची गुठळी होते, व ती फुफ्फुसापर्यंत गेली तर जिवावर बेततें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, चार तासांहून अधिक प्रवासानें हा धोका सुमारें दुप्पट होतो. तथापि तो सहा हजारांत एकास, इतका अल्प आहे. मग तो प्रवास विमानाचा असो, आगगाडीचा असो कीं मोटारीचा. म्हणून भिऊं नये, पण सावध असावें. दर अर्ध्या तासानें टांचा टेंकवून चवडे वर उचलावे, मग चवडे टेंकवून टांचा उचलाव्या. घोटे गोल फिरवावे. आणि तासादोनतासांनीं उठून थोडें चालावें. पायांशीं पिशव्यांची गर्दी करूं नये. घट्ट मोजे किंवा गोळ्या डॉक्टरांनीं सांगितल्या तरच घ्याव्या.

येथें पालकांपेक्षां मुलांनाच एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडील वडील मंडळी आपलें दुःख सांगत नाहींत. "आई, बरं आहे ना?" असें मीं वाटेंत चार वेळां विचारलें, व चारहि वेळां "बरं आहे" हेंच उत्तर आलें. तिला माझी झोंप मोडावयाची नव्हती, आणि शौचास जावें लागेल म्हणून ती पाणीहि पीत नव्हती. हें माझ्या ध्यानांत आलें तें तिच्या पुढ्यांतील भरलेल्या पेल्यावरून. तेव्हांपासून मीं प्रश्न बदलला. "आई, पेला रिकामा करून दाखव. पाय पुढें कर, घोटे पाहूं दे. चल, मलाहि चालावयाचें आहे, सोबत ये," असें म्हणूं लागलों. ह्या तऱ्हेनें विचारलें म्हणजे संकोचास जागा राहत नाहीं. वडिलांस घेऊन जाणाऱ्यानें 'बरं आहे' ह्या दोन शब्दांवर विश्वासून स्वस्थ बसूं नये, हें मी आवर्जून सांगतों.

विमान मध्येंच थरथरतें तेव्हां पुष्कळांच्या काळजाचें पाणी होतें. वास्तविक नदीच्या पाण्यांत जसे भोंवरे व लाटा असतात तसेच हवेंतहि असतात, व त्यांवरून जातांना विमान हलतें. त्याचे पंख असे हिसके सोसतील इतके मजबूत व लवचिक बांधलेले असतात. इजा होते ती बहुधा पट्टा न बांधलेल्यांना. म्हणून दिवा विझला असला तरी बसल्या जागीं पट्टा कमरेस सैलसर बांधलेलाच असूं द्यावा. प्रारंभीं सेविका ज्या सूचना देते त्या आदरानें ऐकाव्या. आंतील दाब कमी झाला तर वरून प्राणवायूचे मुखवटे खालीं लोंबतात. तेव्हां आधीं आपला लावावा, मग मुलाचा. हें प्रथम कठोर वाटतें. परंतु त्या उंचीवर प्राणवायूविना मनुष्याची शुद्ध मिनिटभरहि नीट टिकत नाहीं. बेशुद्ध झालेली आई मुलास काय मदत करणार?

वेळेच्या फरकाविषयीं थोडेंच सांगतों. उन्हाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेचार तास मागें असतें, हिंवाळ्यांत साडेपांच तास. विमानांत बसतांच घड्याळ पोंचण्याच्या ठिकाणच्या वेळेवर लावावें, व पोंचल्यावर दिवसा उन्हांत वावरून रात्र पडेपर्यंत झोंप टाळावी. पश्चिमेकडे जाणें शरीरास सोपें जातें; परत येतांना, म्हणजे पूर्वेकडे, अधिक जड जातें. तेव्हां परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं महत्त्वाचें काम ठेवूं नये.

शेवटीं सौजन्याविषयीं. विमानांत प्रत्येकाच्या वाट्यास जी जागा येते ती शाळेच्या बाकापेक्षां फार मोठी नसते. पाठ टेंकण्यापूर्वीं मागील मनुष्य जेवीत आहे कीं काय तें पाहावें, मोठ्यानें बोलूं नये, आणि मधल्या जागेवर बसलेल्यास दोन्हीं हात टेंकूं द्यावे.

आमचा प्रवास निर्विघ्न झाला. आईचे घोटे किंचित् सुजले होते, ते दोन दिवसांत उतरले. पांचव्या दिवशीं नातीस तिनें मांडीवर घेतलें, व बहिणीचें बाळंतपण तिच्या देखरेखीखालीं सुखरूप पार पडलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें दूर देशीं जातील, आणि एके दिवशीं आईबापांना तिकीट पाठवितील. तिकिटास पैसे लागतात, व ते तुम्ही मिळवालच. परंतु तिकिटाबरोबर एक पत्रहि पाठवा. कान कां दुखतील, पाणी केव्हां प्यावें, पाय कसे हलवावे, खुर्ची मागण्यांत लाज कां नाहीं, हें सारें त्यांत सोप्या मराठींत लिहा. ज्यांनीं तुम्हांस चालावयास शिकविलें त्यांस उडण्याची रीत समजावून सांगणें हें तुमचें काम आहे.